लेकराचं डोकं, घोड्याची पाठ

वर्ध्यात पाच वर्षांचं मूल हेल्मेटशिवाय दुचाकीवर बसवलं, तर मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मोडतं. तेच मूल त्याच संध्याकाळी, त्याच रस्त्यावर, बँडच्या दणदणाटात वरातीच्या घोड्यावर नवरदेवाच्या पुढ्यात बसवलं, तर या कायद्याचं एकही कलम मोडत नाही. घोडा मोटार वाहन नाही, म्हणून तो कायदा त्याच्याकडे पाहतच नाही. घोड्याची पाठ मात्र स्कूटरच्या सीटपेक्षा जवळपास दुप्पट उंच असते. स्कूटर फटाक्याच्या आवाजाने बुजत नाही, घोडा बुजतो.

घोड्यावर बसणाऱ्या मुलांच्या डोक्याचा प्रश्न इतर देशांनी कसा हाताळला, महाराष्ट्रात तो कुठे अडून राहिला आणि वर्ध्यासारख्या जिल्ह्यात त्याबद्दल काय करता येण्याजोगं आहे, याचा हा आढावा. माझं मत आधीच सांगतो. लहान मूल घोड्यावर स्वतः चढत नाही, त्याला कुणीतरी उचलून बसवतं. नियमाने जबाबदार धरायचं ते या बसवणाऱ्याला. ज्या देशांनी हे ओळखलं त्यांचे कायदे मला पटतात. आपल्याकडे दुचाकीबाबत ते निम्मं ओळखलं गेलं, घोड्याबाबत अजिबात नाही.

घोडा हा वर्ध्याचा रोजचा प्राणी नव्हेच. हा जिल्हा गौळाऊ बैलांचा. आर्वी-आष्टीकडचा हा पांढरा, हलक्या अंगाचा, चपळ बैल भोसल्यांच्या काळात फौजेचं सामान वेगाने वाहून नेण्यासाठी नावाजलेला होता. वेगाची हौस इथल्या माणसाने भागवली ती शंकरपटात. त्या शर्यतींवर ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रात त्या अटींसह पुन्हा सुरू झाल्या आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. त्या सगळ्या वर्षांत चर्चा झाली ती बैलाच्या हालांची, आणि ती व्हायलाच हवी होती. छकड्यावर उभ्या असलेल्या धुरकऱ्याच्या डोक्याबद्दल कुणी फारसं बोललं नाही. प्राण्याला काय सोसावं लागतं याचं भान आपल्या कायद्याला आता बऱ्यापैकी आलं आहे. प्राण्याच्या पाठीवरच्या माणसाचं भान यायचं आहे.

याचं नेमकं उदाहरण १९६५ च्या नियमांत सापडतं. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांना क्रूरतेने वागवू नये म्हणून केंद्राने ते केले. तट्टाच्या पाठीवर ७० किलोपेक्षा अधिक ओझं लादू नये, असं त्यांत लिहिलेलं आहे. तट्टाची पाठ वाचवणारा हा आकडा चांगलाच आहे. पण त्याच पाठीवर वीस किलोचं लेकरू बसलं, तर त्याच्या डोक्यावर काय असावं, याबद्दल त्या नियमांत अक्षर नाही. तो त्यांचा विषयच नव्हता, हे मान्य. मग तो कुणाचा विषय आहे?

वर्ध्याच्या मुलाची घोड्याशी गाठ पडते ती तीन ठिकाणी: लग्नाच्या वरातीत, जत्रेत किंवा मेळ्यात, आणि शाळेच्या किंवा घरच्या सहलीत. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी, पाचगणीच्या पठारावर, माथेरानच्या लाल मातीच्या वाटांवर. सैनिकी शाळा, घोडेस्वारीचे क्लब, एनसीसीची अश्वपथकं हे वेगळं जग आहे. नागपूरच्या डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी १९३७ साली नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढलं, तिथे घोडेस्वारी हा शिक्षणाचा भाग होता. अशा ठिकाणी शिकणारं मूल आज हेल्मेट घालूनच खोगिरावर बसतं, कारण घोडेस्वारीच्या स्पर्धांत त्याशिवाय प्रवेशच नाही.

म्हणजे होतं असं, की जे मूल सहा महिने प्रशिक्षण घेतं, ज्याला लगाम धरता येतो, रिकिबीत पाय कसा ठेवायचा हे ठाऊक असतं, त्याच्या डोक्यावर हेल्मेट असतं. आणि जे मूल आयुष्यात पहिल्यांदा, दहा मिनिटांसाठी, अनोळखी जनावरावर बसतं, त्याचं डोकं उघडं. धोका ज्याला जास्त त्यालाच संरक्षण नाही. या विषयातली मला सर्वांत जास्त खुपणारी गोष्ट हीच.

जुन्या पिढीला निदान जनावर कळत होतं. कान मागे गेले की घोडा चिडला आहे, मागून जवळ जायचं नाही, पायाशी पोरं येऊ द्यायची नाहीत, हे शिकवावं लागत नसे. आता घोडाच दिसेनासा झाला आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टं मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास होती. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत ती साडेतीन लाखांच्याही खाली उतरली, म्हणजे सात वर्षांत जवळपास निम्मी झाली. घोडा कमी झाला तशी त्याची ओळखही कमी झाली. वरातीत फोटोसाठी पोराला उचलून वर बसवणाऱ्या मामाला घोड्याबद्दल पोराइतकंच ठाऊक असतं.

ऑक्टोबर २०१७ मध्ये मुंबईच्या कुपरेज बँडस्टँड बागेत सहा वर्षांची एक मुलगी मौजेच्या फेरीत घोड्यावरून पडली आणि दगावली. त्याआधी दोन वर्षं, जून २०१५ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या मौजेसाठी चालणाऱ्या घोडागाड्या, म्हणजे व्हिक्टोरिया, बेकायदा ठरवून त्या वर्षभरात बंद करायला सांगितलं होतं. ती याचिका प्राण्यांच्या बाजूने झालेली होती. तबेल्यांची दुरवस्था, डांबरी रस्त्यावर झिजणारे खूर, उपासमार हे मुद्दे त्यात होते. पाठीवर बसवल्या जाणाऱ्या मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न नीट पुढे आला तो एका मुलीचा जीव गेल्यावर. जानेवारी २०२२ मध्ये माथेरानला घोड्यावरून पडून मुंबईचा एक तरुण पर्यटक गेला. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. अशी बातमी दोन दिवस छापून येते आणि मग पुढचा हंगाम सुरू होतो.

दुसऱ्या देशांतही कायदे अशाच मृत्यूंनंतर आले, हे खेदाने नोंदवायला हवं. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात १९९८ साली दहा वर्षांची एक मुलगी घोडेस्वारी करताना दगावली, आणि २००१ साली घोडेस्वारी सुरक्षा कायदा झाला. अमेरिकेतल्या फ्लोरिडात २००६ साली बारा वर्षांची मुलगी गेली, आणि २००९ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना सार्वजनिक जागी घोड्यावर हेल्मेट सक्तीचं झालं. तिच्या आईवडिलांनी त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. तो कायदा तिच्याच नावाने ओळखला जातो.

यांतला ओंटारियोचा कायदा मला विशेष उपयोगाचा वाटतो. तो पैसे घेऊन घोडे देणाऱ्या व्यवसायाला लागू आहे आणि जबाबदारी घोडा देणाऱ्यावर टाकतो. अठरा वर्षांखालच्या मुलाला हेल्मेट आहे का, खोगीर नीट बसवलं आहे का, एवढंच पाहून तो थांबत नाही. तो पायांकडेही पाहतो. बूट कडक आणि गुळगुळीत तळव्याचा हवा, त्याला निदान दीड सेंटिमीटरची टाच हवी, नाहीतर रिकीब तरी पाय अडकणार नाही अशा बनावटीची हवी. हे वाचताना आपल्याकडच्या चपला आठवतात. सपाट चपलेचा पाय रिकिबीतून सरळ आत घुसतो. मूल पडलं आणि पाय अडकून राहिला, तर घोडा पळत असताना ते फरफटत जातं. नुसतं पडणं आणि फरफटणं यांत जीव वाचण्या-जाण्याचा फरक असतो, आणि तो त्या दीड सेंटिमीटरच्या टाचेवर ठरू शकतो.

ब्रिटनचा कायदा याहून जुना. १९९० साली संसदेने तो मंजूर केला आणि १९९२ मध्ये त्याचे नियम आले. चौदा वर्षांखालच्या मुलाने रस्त्यावर घोडा चालवायचा तर ठरावीक मानकाचं हेल्मेट नीट बांधलेलं असलं पाहिजे. पगडी बांधणाऱ्या शीख मुलांना सूट आहे, जशी आपल्या कलम १२९ मध्ये आहे. या कायद्याची खरी ताकद आहे ती गुन्हा कुणाचा, हे सांगणाऱ्या कलमात. मुलाचा पालक, घोड्याचा मालक, मालक नसला तरी मूल बसण्याआधी घोडा ज्याच्या ताब्यात होता तो माणूस, आणि मूल कामावर असेल तर त्याला कामावर ठेवणारा. मुलाला शिक्षा नाही. त्याला वर बसवू शकणाऱ्या किंवा थांबवू शकणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाचं नाव मात्र त्या यादीत येतं. दंडाची रक्कम किरकोळ आहे. तरीही कुणीच ‘माझा काय संबंध’ म्हणू शकत नाही, हे मोठं काम तो करतो.

त्या कायद्याची मर्यादाही सांगायला हवी. तो सार्वजनिक रस्त्यापुरता आहे, खाजगी मैदानात लागू नाही. पडणारं मूल तर मैदानातही तितक्याच जोरात पडतं. पण तिथल्या क्लबांनी आणि विमा कंपन्यांनी हेल्मेटचा आग्रह धरला आणि कायद्याने सोडलेली जागा बरीचशी भरली. आपल्याकडे अशी भर घालणारं कुणी नाही, म्हणून नियम करताना मैदान, बाग, जत्रा हे शब्द स्पष्ट लिहावे लागतील.

मोठ्यांच्या खेळात हेल्मेट यायला कायद्यापेक्षा जास्त वेळ लागला. ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात उंच काळी टोपी ही शान मानली जायची. मार्च २०१० मध्ये अमेरिकेची ऑलिंपिकपटू कोर्टनी किंग-डाय सरावात घोडा अडखळून पडली. तिच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. ती सुमारे महिनाभर कोमात होती, आणि नंतर बोलणं-चालणं पुन्हा शिकली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या शार्लट दुजार्दँने हेल्मेट घालून सुवर्णपदकं जिंकली, तेव्हा टोपीवाल्यांचा युक्तिवाद बराच लंगडा पडला. अखेर आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने २०२१ पासून सर्व प्रकारांत हेल्मेट सक्तीचं केलं. जगातल्या उत्तमातल्या उत्तम स्वाराला जे आवश्यक ठरलं, ते वरातीतल्या पोराला अनावश्यक कसं?

लहान मुलाचं शरीर पडताना मोठ्यापेक्षा वेगळं वागतं. सहाव्या वर्षापर्यंत मेंदूची वाढ प्रौढ मेंदूच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पोचलेली असते, धड आणि हातपाय मात्र बरेच मागे असतात. वजनाचा तोल वर, डोक्याकडे असतो. म्हणून मूल पडतं ते बहुधा डोक्याच्या बाजूने, आणि हात टेकवून सावरण्याची चपळाई अजून आलेली नसते. मध्यम घोड्याची पाठ जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास असते. तिच्यावर बसलेल्या मुलाचं डोकं दोन मीटरवर जातं. दोन मीटरवरून खाली येणारी कोणतीही वस्तू जमिनीला टेकताना तिचा वेग ताशी बावीस किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो. हा झाला उभ्या घोड्याचा हिशेब. घोडा उधळला तर त्याची धाव त्यात मिळवायची.

हेल्मेटच्या आत फोमचा जाड थर असतो. आघाताच्या क्षणी तो चेपतो, डोकं थांबायला लागणारा वेळ किंचित वाढवतो आणि मेंदूवर येणारा झटका कमी करतो. चेपलेला फोम पुन्हा फुगत नाही. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धडधाकट दिसलं तरी निकामी समजायचं. घोडेस्वारीचं हेल्मेट सायकलच्या हेल्मेटपेक्षा डोक्याच्या मागच्या बाजूला खालपर्यंत येतं, कारण घोड्यावरून माणूस मागेही फेकला जातो आणि नंतर खुराची लाथही बसू शकते. अमेरिकेच्या एएसटीएम एफ११६३ या मानकात हेल्मेट सपाट ऐरणीवर आपटून तपासतात, तसंच कडेच्या ऐरणीवरही. खूर, दगड, कुंपणाची कड हे त्या वेळी डोळ्यांपुढे असतं. मोटारसायकलच्या आयएस ४१५१ मानकाच्या हेल्मेटमध्ये ही तजवीज वेगळ्या प्रकारची असते. ते वजनदार असतं, आणि बहुतेक मोठ्या माणसाच्या मापाचंच घरात सापडतं.

मग घरात घोड्याचं हेल्मेट नसेल तर काय करायचं? वर्ध्यात ते दुकानात सहज मिळत नाही. माझं मत असं, की मुलाच्या मापाचं, मानकाचा शिक्का असलेलं, हनुवटीखाली घट्ट बसणारं सायकलचं हेल्मेट उघड्या डोक्यापेक्षा कितीतरी बरं. सायकलच्या हेल्मेटबद्दलच्या अभ्यासांचा १९९९ सालचा कॉक्रेन आढावा सांगतो की त्याने डोक्याच्या आणि मेंदूच्या दुखापतीचा धोका ६३ ते ८८ टक्क्यांनी कमी होतो. घोड्यासाठी ते बनवलेलं नाही हे लक्षात ठेवावं, आणि ते घालून घोडा पळवू नये. पण रस्त्याकडेला टांगलेल्या, शिक्का नसलेल्या प्लास्टिकच्या टोप्या कशाच्याच उपयोगाच्या नाहीत. दुचाकीसाठी तर १ जून २०२१ पासून भारतीय मानक चिन्हाशिवाय हेल्मेट विकणं हाच गुन्हा आहे.

माप पाहायची रीत सोपी आहे. हेल्मेटची पुढची कड भुवयांच्या दोन बोटं वर यावी. पट्टा बांधल्यावर हनुवटीखाली एक बोट जेमतेम जावं. मुलाने मान हलवली तर हेल्मेट डोक्याबरोबर हलावं, डोक्यावर फिरू नये. मागे कललेलं हेल्मेट कपाळ उघडं टाकतं, आणि पट्टा न बांधलेलं हेल्मेट डोकं जमिनीला टेकण्याआधीच निघून जातं.

आता दुचाकीकडे वळतो, कारण वर्ध्याचं मूल घोड्यावर वर्षाकाठी एकदा बसत असेल, तर दुचाकीवर रोज. या जिल्ह्याचं आणि दुचाकीचं नातं जुनं आहे. वर्ध्याचे शेठ बच्छराज यांच्या घराण्यात दत्तक गेलेले जमनालाल बजाज गांधीजींना इथे घेऊन आले. त्या घराण्याची बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन १९४५ साली स्थापन झाली आणि पुढे तिचीच बजाज ऑटो झाली. १९७२ साली तिने जी स्कूटर आणली तिला महाराणा प्रतापांच्या घोड्याचं नाव दिलं, चेतक. दोन पिढ्यांतली मराठी मुलं त्या स्कूटरच्या पुढच्या पायरीवर, हँडलला धरून, वारा तोंडावर घेत उभी राहिली. त्या आठवणी गोड आहेत. त्या मुलांच्या डोक्यावर काही नव्हतं हेही खरं.

चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट, हे कलम १२९ म्हणतं. न घातल्यास कलम १९४ड खाली एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबन. चार वर्षांखालच्या मुलांसाठी केंद्राने १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मोटार वाहन नियम १३८ मध्ये दुरुस्ती केली, ती वर्षभराने लागू झाली. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट हवं. भारतीय मानक येईपर्यंत युरोपीय किंवा अमेरिकी मानकाचं सायकल हेल्मेट चालेल. मुलाला चालकाशी जोडून ठेवणारा पट्टा हवा, तो हलका, पाण्याने खराब न होणारा आणि तीस किलो वजन पेलणारा असावा. आणि दुचाकीचा वेग ताशी चाळीसच्या वर जाऊ नये. मसुदा विचारपूर्वक केलेला आहे. सायकलच्या हेल्मेटला परवानगी देण्यामागे लहान मानेवर ओझं पडू नये हा विचार दिसतो, आणि घोड्याच्या नियमाला तो जसाच्या तसा उचलता येईल. नऊ महिन्यांच्या बाळाला दुचाकीवर न्यावंच का, हा प्रश्न मात्र उरतो. बालरोगतज्ज्ञ एक वर्षाखालच्या बाळाला सायकलवर नेऊ नका म्हणतात, कारण त्याची मान हेल्मेटचं ओझं सांभाळण्याइतकी तयार झालेली नसते. नियम परवानगी देतो म्हणून ती घ्यायलाच हवी असं नाही.

देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत अठरा वर्षांखालची ९,५२८ होती. हेल्मेट न घातलेले दुचाकीवरचे ५०,०२९ जण त्या वर्षी गेले, त्यांत १४,३३७ मागे बसणारे होते. मागे बसणाऱ्यांत स्त्रिया आणि मुलं असतात. घरात एकच हेल्मेट असेल तर ते कुणाच्या डोक्यावर जातं, हे सांगायला नको. कमावत्या माणसाचं डोकं जपावं ही भावना समजण्यासारखी आहे. पण दवाखान्यात नेताना डोक्यांची अशी प्रतवारी कुणी करत नाही.

व्हिएतनामने डिसेंबर २००७ मध्ये दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं केलं, आणि काही दिवसांत मोठ्यांच्या डोक्यांवर ते दिसायला लागलं. मुलांची डोकी मात्र उघडी राहिली. एकतर मुलांसाठी दंड नव्हता, आणि दुसरं, हेल्मेटच्या वजनाने लहान मुलाची मान दुखावते अशी समजूत पसरली होती. २०१० मध्ये सहा वर्षांवरच्या मुलाला हेल्मेटशिवाय नेणाऱ्या मोठ्या माणसाला दंड सुरू झाला. ब्रिटनने वीस वर्षांपूर्वी कलमात लिहिलेली गोष्ट व्हिएतनामला रस्त्यावर शिकावी लागली. मानेची ती भीती वर्ध्यातही ऐकू येते. तिचं उत्तर टिंगल करून देऊ नये. मुलाच्या मापाचं, हलकं हेल्मेट समोर ठेवून द्यावं.

उन्हाची तक्रार जास्त खरी आहे. विदर्भातली लग्नं एप्रिल-मे महिन्यांत, पारा ४५ अंशांकडे निघालेला असताना होतात. छिद्रं असलेलं हेल्मेटही त्या उन्हात तापतं. यावर माझ्याकडे एकच उत्तर आहे: दुपारच्या वेळी मुलाला घोड्यावर बसवूच नये. घोड्यालाही ते नकोच असतं.

हेल्मेटने सगळं वाचतं असं सांगणं अप्रामाणिक होईल. ‘सुपरमॅन’ साकारणारा अभिनेता ख्रिस्तोफर रीव्ह मे १९९५ मध्ये घोड्यावरून पडला तेव्हा त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं. मेंदू बचावला, पण मानेचा कणा दुखावला आणि मानेखालचं सारं शरीर लुळं पडलं. म्हणून घोड्याभोवतालची परिस्थितीही तितकीच सांभाळावी लागते. वरातीत घोडा चालवायचा तर फटाके आणि डीजे त्याच्यापासून दूर हवेत. दोन पायांवर उभं राहायला शिकवलेल्या नाचत्या घोड्यावर मूल कधीच बसवू नये. नवरदेवाच्या पुढ्यात पोर बसवण्याची हौस तर सोडूनच द्यावी. त्याच्या एका हातात कट्यार असते, दुसऱ्याने तो मुंडावळ्या सावरतो, पोराला धरायला त्याच्याकडे हात उरत नाही. सहलीत घोडेवाल्याने दोर स्वतःच्या हातात धरून चालत जावं. दोर घोड्याच्या मानेवर टाकून मागून हाकारणाऱ्याच्या घोड्यावर मूल देऊ नये.

नियम कुणी करायचा? मोटार वाहन कायद्यात घोडा बसवता येणार नाही, आणि नवा राज्य कायदा येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. जे हात आज आहेत त्यांनी बरंच होईल. शाळेच्या सहलीला शिक्षण खात्याची परवानगी लागते. त्या परवानगीत ‘हेल्मेट नसेल तर विद्यार्थ्याला घोड्यावर बसवू नये’ हे एक वाक्य घातलं, की आठही तालुक्यांतल्या शाळांपुरता प्रश्न मिटतो. मिरवणुकीला पोलिसांची परवानगी लागते, जत्रेला नगर परिषदेची किंवा ग्रामपंचायतीची. बारा वर्षांखालचं मूल हेल्मेटशिवाय घोड्यावर नको, ही अट त्यातही बसते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे वरातीचा घोडा हा विषय यायला हरकत नाही, कारण वरात रस्त्यावरूनच जाते.

यात एक धोका दिसतो. अट घातली की दंड होणार घोडेवाल्याला, कारण पकडायला तोच सोपा असतो. साखळीतला सर्वांत गरीब माणूस तोच. घोड्याचा चारा, नाल, औषधपाणी त्याच्या अंगावर, आणि कमाई लग्नसराईच्या काही तारखांची. त्याच्याकडे तीन मापांची हेल्मेटं असावीत हे बरोबर आहे, पण ती त्याला नगर परिषदेने किंवा मंगल कार्यालयांनी मिळून द्यावीत. दंडाची पावती फाडायची झाली तर ब्रिटनच्या यादीतलं पहिलं नाव आधी वाचावं: पालक. नाही म्हणणाऱ्या घोडेवाल्याच्या पाठीशी पोलिसांनी उभं राहावं. वरपक्षाच्या चार माणसांपुढे एकट्या माणसाने ‘पोराला खाली उतरवा’ म्हणणं सोपं नसतं.

मूल पडलंच तर पुढचे काही तास फार महत्त्वाचे असतात. डोक्याला मार लागलेलं मूल उठून उभं राहतं, ‘काही नाही झालं’ म्हणतं, खेळायलाही लागतं, आणि कवटीच्या आत रक्तस्राव चालू असू शकतो. अभिनेत्री नताशा रिचर्डसन मार्च २००९ मध्ये बर्फावर घसरताना साधी पडली, हसतखेळत खोलीवर गेली आणि दोन दिवसांत दगावली. तिच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हतं. उलटी, वाढत जाणारी झोप किंवा ग्लानी, डोकेदुखी, एक बुबुळ मोठं दिसणं, कानानाकातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, झटके, यांतलं एकही लक्षण दिसलं तर वाट पाहायची नाही. आर्वीहून वर्धा पन्नासएक किलोमीटर आहे. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचं रुग्णालय त्याच वाटेच्या शेवटी, आणि आष्टी-कारंजाकडून अंतर आणखी वाढतं. वरात अर्धी टाकून निघावं लागलं तरी निघावं. मान वाकडी-तिकडी होऊ न देता, मुलाला आडवं ठेवून न्यावं. शुद्ध हरपलेली असेल किंवा मान दुखत असेल तर हेल्मेट ओढून काढू नये, ते काढणं डॉक्टरांवर सोडावं. हेल्मेट आधीच निघालेलं असेल तर तेही बरोबर न्यावं. ते कुठे चेपलं आहे यावरून आघात कुठे बसला हे डॉक्टरांना कळतं. आणि नंतर ते दुसऱ्या कुणाच्या मुलाला वापरायला देऊ नये.